चव बरोबर, किराणा तिथला
परदेशात भाड्याच्या घरात राहून स्वयंपाक करू इच्छिणाऱ्यांसाठी, स्वित्झर्लंडच्या उदाहरणावरून
प्रतिनिधी

रविवारची दुपार. स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे सात दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या घरात एक मराठी कुटुंब पाऊल टाकते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. खिडकीतून बर्फाच्छादित शिखरे दिसतात, स्वयंपाकघर आरशासारखे लख्ख असते. आजोबांना मधुमेह आहे, त्यामुळे रात्रीचे जेवण वेळेवर व्हायला हवे. बॅगेतून डाळ-तांदूळ निघतात, घरचा कुकर निघतो आणि काचेच्या शेगडीवर चढतो. शेगडी दोनदा टिकटिकते व बंद पडते. कुकर ॲल्युमिनियमचा आणि शेगडी इंडक्शनची. खाली उतरून काही विकत आणावे, तर रविवार असल्यामुळे दुकाने बंद. पहिल्या रात्रीचे जेवण बिस्किटे आणि केळ्यांवर भागवावे लागते.

असा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो आणि थोड्या पूर्वतयारीने तो टाळताही येतो. एकेकाळी परदेश सहल म्हणजे सहल कंपनी, तिचा व्यवस्थापक आणि सोबत नेलेला महाराष्ट्रीय आचारी असे समीकरण होते. पुरणपोळीपासून पिठल्यापर्यंत सारे पंक्तीत मिळत असे. आता स्वतः आखणी करून निघणाऱ्या कुटुंबांची वाट निराळी आहे. ती हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतात. जर्मन भाषिक प्रदेशात अशा घरांना ‘फेरीएनवोनुंग’ म्हणतात. ही पद्धत तेथे जुनी असून तेथील लोकही सुट्टीत अशाच घरांत राहतात. त्यामुळे घरात भांडी, ताटे, चमचे, ओव्हन आणि शीतकपाट बहुधा असतेच.

मात्र परदेशातील स्वयंपाकघर आणि आपले स्वयंपाकघर यांत फरक आहे, आणि त्याहून मोठा फरक सीमाशुल्काच्या नियमांत आहे. या दोहोंचा विचार केल्यास एक साधे सूत्र हाती लागते. घरून न्यायची ती चव, म्हणजे मसाले आणि फोडणीचे सामान. किराणा तिथलाच घ्यायचा.

कोणाला परवडते?

स्वित्झर्लंडमध्ये साध्या उपाहारगृहातही मुख्य पदार्थाच्या एका ताटासाठी २० ते ३० फ्रँक सहज मोजावे लागतात. समजा, चौघांच्या एका जेवणाला १०० फ्रँक लागले आणि तेच जेवण घरी शिजवल्यास २५ फ्रँकांच्या सामानात झाले, तर रोज एक जेवण घरी केल्याने सात दिवसांत ५०० फ्रँकांहून अधिक रक्कम वाचते. अनेक कुटुंबांच्या बाबतीत आई-वडिलांना सोबत नेता येईल की नाही, हे याच रकमेवर ठरते.

तथापि हिशेब करताना केवळ प्रतिरात्र भाडे पाहू नये. शेवटच्या साफसफाईचे शुल्क, चादरी-टॉवेलांचे शुल्क आणि स्थानिक प्रशासनाचा प्रतिव्यक्ती पर्यटन कर (त्याला तेथे ‘कुर्टाक्स’ म्हणतात) हे बहुधा वेगळे असतात. साफसफाईचे शुल्क एकदाच द्यावे लागते. ते दोन रात्रींवर विभागले तर जड जाते, सात रात्रींवर हलके होते. म्हणून एक-दोन रात्रींच्या मुक्कामासाठी हॉटेल आणि चार रात्रींहून अधिक काळासाठी घर, हा ठोकताळा ठेवावा. हंगामात अनेक घरे शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात, हेही आखणी करताना ध्यानात घ्यावे. कर भरल्यावर काही ठिकाणी पाहुण्यांना कार्ड मिळते. इंटरलाकेन परिसरात त्यावर स्थानिक बसचा प्रवास विनामूल्य होतो. घरमालकाकडे ते आवर्जून मागावे.

हॉटेलच्या खोलीत मात्र स्वयंपाक करण्याचा मोह टाळावा. किटलीत अंडी उकडणे, खोलीत विजेची शेगडी लावणे यास बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि त्यात आगीचा धोका असतो. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलने केवळ भारतीय पाहुण्यांना उद्देशून सूचनाफलक लावला होता. न्याहारीचे पदार्थ बाहेर नेऊ नयेत, गोंगाट करू नये, अशा त्या सूचना होत्या. एकाच देशाच्या लोकांना वेगळे काढण्याच्या त्या पद्धतीवर योग्य ती टीका झाली. परंतु नियम पाळण्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

शेगडीची ओळख

घर ठरवण्यापूर्वी मालकाला विचारण्याचा पहिला प्रश्न शेगडीविषयी असावा. स्वित्झर्लंडमध्ये गॅसची शेगडी क्वचितच आढळते. काचेच्या सपाट शेगड्या दोन प्रकारच्या असतात आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

पहिली इंडक्शनची. ही शेगडी भांड्याच्या बुडात चुंबकीय क्षेत्राने उष्णता निर्माण करते. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला, तरच ते चालते. ॲल्युमिनियम, तांबे व पितळ यांची साधी भांडी तिच्यावर तापत नाहीत. स्टीलचीही सगळी भांडी चालतात असे नाही. म्हणून घरून कुकर न्यायचा असेल, तर फ्रीजवर लावायचा साधा चुंबक बुडाला लावून आधी खात्री करावी.

दुसरी काचेखाली तापणाऱ्या तारेची. तिच्यावर कोणत्याही धातूचे भांडे चालते, परंतु बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई किंवा खोलगट तवा तिच्यावर नीट तापत नाही. ही शेगडी उशिरा तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. काच गरम असेपर्यंत तेथे सामान्यतः ‘एच’ हे अक्षर किंवा लाल दिवा दिसतो. लहान मुले सोबत असल्यास हे विशेष ध्यानात ठेवावे. या उरलेल्या उष्णतेचा उपयोगही करून घेता येतो. आमटी होत आली की पाच मिनिटे आधीच बटण बंद करावे.

दोन्ही प्रकारांत आचेचे आकडे बहुधा १ ते ९ असे असतात. फोडणीसाठी ९ वर ठेवण्याची आवश्यकता नसते. इंडक्शनवर पातळ बुडाचे भांडे काही सेकंदांतच तापते आणि मोहरी तडतडण्याआधीच हिंग करपतो. ६ किंवा ७ पुरेसे होते. शेगडी सुरूच होत नसेल, तर ती बिघडली असे समजण्यापूर्वी तिच्यावरील किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह काही सेकंद दाबून पाहावे. ते मुलांच्या सुरक्षिततेसाठीचे कुलूप असते. काचेवर साखरेचा पाक किंवा गूळ सांडला, तर तो वाळून चिकटतो व काच खराब होते. म्हणून असे डाग हात भाजणार नाही याची काळजी घेऊन त्वरित काढावेत. जड भांडी काचेवरून ओढू नयेत.

ज्योत नसल्यामुळे काही सवयी बदलाव्या लागतात. फुलका थेट आचेवर फुगवता येत नाही. तो तव्यावरच कापडाने दाबून भाजावा. पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात होतो. भरताच्या वांग्याला टोचे मारून ते ओव्हनमध्ये सुमारे २२० अंशांवर ४० मिनिटे ठेवल्यास उत्तम भाजले जाते. धुराचा वास मात्र त्याला येत नाही. घरातील तवा निर्लेप प्रकारचा असेल, तर त्यावर स्टीलचा उलथना वापरू नये. ओरखड्यांची भरपाई अनामत रकमेतून कापली जाऊ शकते.

विजेचा दाब तेथे आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे आपला छोटा मिक्सर किंवा राइस कुकर चालतो. परंतु आपल्या जाड गोल पिनांचा प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही. तेथील सॉकेटसाठी योग्य ॲडॉप्टर जवळ हवा. अमेरिकेत दाब सुमारे १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट असल्याने तेथे आपली उपकरणे केवळ ॲडॉप्टरने चालणार नाहीत.

फोडणी आणि धोक्याची घंटा

मराठी स्वयंपाकाचा प्राण फोडणी, आणि परदेशातील घरात सर्वाधिक अडचणीची तीच. मिरची तेलात पडताच उठणारा ठसका धूरसूचक यंत्राला आगीसारखा वाटू शकतो. मोठ्या इमारतींत हे यंत्र अग्निशमन दलाशी जोडलेले असू शकते. अशा वेळी दल अकारण धावून आल्यास त्याचा खर्च पाहुण्याकडून वसूल होण्याची शक्यता असते.

यावर उपाय साधे आहेत. तेल तापण्यापूर्वीच चिमणी सुरू करावी आणि खिडकी उघडावी. शयनगृहाचे दार बंद ठेवावे. मिरची गॅसवर टाकतो तशी कडकडीत तेलात न टाकता आच कमी करून टाकावी. तळण शक्यतो टाळावे. धूरसूचक यंत्र प्लास्टिकच्या पिशवीने झाकण्याचा सल्ला काही प्रवासी एकमेकांना देतात. तो कदापि मानू नये. त्याच घरात रात्री आपलीच मुले झोपणार असतात.

तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. स्वित्झर्लंडमध्ये अग्निशमन दलाचा क्रमांक ११८, रुग्णवाहिकेचा १४४ आहे. ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपात चालतो.

हळदीचे डाग हाही वादाचा विषय ठरतो. पांढरा ओटा, प्लास्टिकचे डबे आणि घरमालकाचे पांढरे पुसणे यांवर पडलेली हळद सहजी जात नाही. हात पुसण्यासाठी एक-दोन जुनी फडकी घरून न्यावीत आणि मसाल्याचे डबे ताटलीत ठेवून वापरावेत.

बॅगेत काय नसावे

परदेशी स्वयंपाकाच्या तयारीत सर्वांत गंभीर भाग हाच आहे. येथे चूक झाल्यास सामान जप्त होते, दंड होतो, आणि काही देशांत प्रकरण त्याहूनही पुढे जाते.

युरोपीय संघाच्या देशांत भारतातून मांस व दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाने आणण्यास बंदी आहे. स्वित्झर्लंडचे नियमही याच धर्तीचे आहेत. म्हणजे घरचे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर यांना बॅगेत स्थान नाही. तान्ह्या बाळाचे भुकटी दूध आणि वैद्यकीय कारणासाठी लागणारा विशेष आहार यांना मर्यादित प्रमाणात व बंद वेष्टनात सवलत आहे. ताजी फळे व भाज्यांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळेच त्यातून वगळलेली आहेत. कढीपत्त्याच्या डहाळ्या, हिरव्या मिरच्या, लिंबे, आंबे हे सारे त्यामुळे बाद होते. ब्रिटनमध्येही भारतातून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचे नियम याहून कडक आहेत. आपल्याकडील धान्य कोठारांत आढळणारा खापरा भुंगेरा देशात शिरू नये, म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या अनेक कच्च्या जिनसांवर बंदी घातली. तांदूळ, हरभरे, मूग, तूर, मसूर, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या हे सारे त्या यादीत आहे. मराठी घराचा निम्मा मसाल्याचा डबाच त्यात मोडतो. त्याच किडीमुळे अमेरिकेतही भारतातून सामानातून तांदूळ नेता येत नाही. न्यूझीलंडमध्ये निर्बंध असलेला पदार्थ जाहीर न केल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. या देशांत अर्जावर सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावेत. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. लपवलेला सापडला तर दंड होतो.

खसखस हा स्वतंत्र विषय आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. तेथे ती अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. अनेक घरांत गोड्या मसाल्यात, तसेच अनारशांत व लाडवांत खसखस असते. दुबईत केवळ विमान बदलायचे असले, तरीही असा मसाला किंवा फराळ सोबत नेऊ नये.

याशिवाय विमानाचे नियम आहेतच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या धोकादायक मालात मोडतात. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. गॅसची छोटी नळकांडी कोणत्याच सामानात चालत नाहीत आणि काडेपेटी तपासणीच्या सामानात ठेवता येत नाही. लोणचे हातातील बॅगेत नेल्यास सुरक्षा तपासणीत अडवले जाते. सुरी आणि कुकर तपासणीच्या सामानातच ठेवावेत.

बॅगेत काय असावे

स्वित्झर्लंडसारख्या देशात चौघांच्या सात दिवसांसाठी पुढील सामान पुरेसे होते. मोहरी व जिरे प्रत्येकी ५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, हिंगाची लहान डबी, लाल तिखट १०० ग्रॅम, गोडा मसाला १०० ग्रॅम, आमसुले मूठभर, चहाची भुकटी १५० ग्रॅम, मेतकूट १०० ग्रॅम, थालीपिठाची भाजणी अर्धा किलो आणि पोहे अर्धा किलो. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी असली, तर पहिल्या दिवशी फार उपयोगी पडते. हे सारे मिळून दोन किलोंच्या आत बसते.

शक्यतो बाजारातील बंद आणि इंग्रजी नाव छापलेली पाकिटे न्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली पांढरी-पिवळी भुकटी अधिकाऱ्याच्या मनात अकारण शंका निर्माण करते. घरचा मसाला न्यायचाच असेल, तर डब्यावर घटकांची इंग्रजी चिठ्ठी लावावी. घाईच्या वेळी तीच उपयोगी पडते. स्वयंपाकाच्या साधनांत एक पोळपाट-लाटणे (बाटलीनेही काम भागते), एक चिमटा आणि इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा स्टीलचा कुकर एवढे पुरे.

तिथल्या दुकानात

स्वित्झर्लंडमधील दुकाने रविवारी बंद असतात, शनिवारी लवकर मिटतात आणि लहान गावांत इतर दिवशीही सायंकाळी साडेसहा-सातला दारे लावतात. अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकांतील आणि विमानतळांवरील दुकानांचा. झुरिच विमानतळावरील मिग्रोस व कोप ही दुकाने रविवारीही उघडी असतात. उतरल्यावर तेथेच दूध, दही, ब्रेड, तांदूळ, बटाटे आणि कांदे घेऊन पुढची गाडी पकडावी. लेखाच्या आरंभी वर्णिलेला प्रसंग एवढ्यानेच टळतो.

मिग्रोसची स्थापना १९२५ मध्ये झाली. ही आणि कोप या दोन्ही सहकारी संस्था असून गावोगावी त्यांच्या शाखा आहेत. दोघांच्याही स्वस्त मालाच्या वेगळ्या मालिका आहेत: मिग्रोसची ‘एम-बजेट’ आणि कोपची ‘प्री गारंटी’. आल्डी, लिडल आणि डेनर येथेही दर कमी असतात.

आपल्या उपयोगाच्या काही वस्तूंची तेथील नावे माहीत असावीत. ‘ब्राटबुटर’ म्हणजे लोणी कढवून त्यातील पाणी काढलेले स्वयंपाकाचे तूपच. घरून तूप न नेता येण्याची अडचण त्याने पूर्ण दूर होते. ताजे तूप हवे असल्यास २५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी मंद आचेवर कढवावे. सुमारे २०० ग्रॅम तूप मिळते. ‘रूखमेल’ हे थोडा कोंडा असलेले गव्हाचे पीठ पोळ्यांसाठी चांगले. ते न मिळाल्यास पांढरे ‘वाइसमेल’ आणि कोंड्यासह दळलेले ‘फोलकोर्नमेल’ समप्रमाणात मिसळावे. ‘ग्रीस’ म्हणजे रवा. उपमा आणि शिरा त्याचा होतो. ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मसुराची डाळ. ती कुकरशिवायही १५-२० मिनिटांत शिजते. ‘राहमक्वार्क’ हा सायीचा मऊ चक्का समजावा. साखर आणि वेलची घालून त्याचे श्रीखंड झटपट होते. बटाटा, फ्लॉवर, कोबी, गाजर, पालक, वांगी आणि गोठवलेले मटार सर्वत्र मिळतात.

ताजा कढीपत्ता, तूरडाळ, नारळ किंवा भेंडी हवी असेल, तर स्थानिकांना तमिळ दुकानाविषयी विचारावे. १९८० च्या दशकापासून श्रीलंकेतून आलेले हजारो तमिळ लोक स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले आहेत आणि अनेक शहरांत त्यांची किराणा दुकाने आहेत.

शाकाहारी मंडळींनी वेष्टनावरील काही शब्द ओळखावेत. ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर, ‘रिंड’ म्हणजे गोमांस, ‘हून’ म्हणजे कोंबडी, ‘फिश’ म्हणजे मासे, ‘शमाल्त्स’ म्हणजे चरबी, ‘गेलाटीने’ म्हणजे जिलेटिन आणि ‘आय’ म्हणजे अंडे. चीजमध्ये ‘लाब’ असते, म्हणजे दूध विरजण्याचे विकर. ग्रुयेर या प्रसिद्ध चीजमध्ये ते वासराच्या जठरातून काढलेले असते. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ‘मिक्रोबिएल’ असे लिहिलेले किंवा पिवळे ‘व्ही’ चिन्ह असलेले चीज घ्यावे. काही चॉकलेटांत ‘किर्श’ हे मद्य असते, हेही मुलांसाठी पाहून घ्यावे.

नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते. बाटल्या विकत घेण्याचा खर्च अनावश्यक आहे. गावातील कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ असे लिहिलेले असेल, तेवढेच पाणी पिऊ नये.

उंचीवरची डाळ

डोंगरातील घर घेणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो: डाळ शिजता शिजत नाही. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने घटतो. वेंगेन १,२७४ मीटरवर, तर म्यूरेन व झेरमाट सुमारे १,६०० मीटरवर आहे. तेथे पाणी साधारण ९५ अंशांवरच उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर असल्याने तेथे राहिलेल्यांना हा फरक परिचित असेल. पाणी जड असेल, तर डाळीला आणखी वेळ लागतो. त्यामुळे डाळ दोन तास भिजवावी आणि कुकर वापरावा. मीठ व आमसूल शिजल्यावर घालावे.

काही घरांत कपाटात स्विस बनावटीचा कुकर सापडतो. कून रिकोन या कंपनीचा ‘ड्युरोमॅटिक’ १९४९ पासून बाजारात आहे. त्याला शिट्टी नसते. झाकणावरील दांडी दाबाने वर येते आणि तिच्यावर दोन लाल कडी दिसतात. दुसरे कडे दिसताच आच कमी करावी आणि तेथून मिनिटे मोजावीत. शिट्टीची वाट पाहत आच मोठीच ठेवणे, ही आपल्याकडील लोकांची नेहमीची चूक होय.

रात्रीचा उरलेला भात ओट्यावर ठेवू नये. दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी पूर्ण गरम करून खावा. शिळ्या भातातील जिवाणूंमुळे होणारी पोटदुखी परक्या देशात फार महाग पडते.

सुट्टी कुणाची?

पैसे वाचतात, पोटही सांभाळले जाते. परंतु एक प्रश्न उरतो. वर्षभर घरी स्वयंपाक करणारी गृहिणी सुट्टीतही ओट्यापाशीच उभी राहणार असेल, तर सुट्टी नेमकी कुणाची झाली? इतर मंडळी गॅलरीत बसून शिखरे न्याहाळत असताना तिने पोळ्या लाटाव्यात, ही सहल तिच्या दृष्टीने केवळ स्वयंपाकघराचे स्थलांतर ठरते. घर भाड्याने घेण्याचा निर्णय सर्वांचा असेल, तर कामही सर्वांचे असले पाहिजे आणि त्याची वाटणी निघण्यापूर्वीच व्हावी.

त्यासाठी दिवसातून एकदाच, सायंकाळी, शिजवण्याचा नियम ठेवावा. सकाळी ब्रेड, लोणी, दूध व फळे. दुपारी डब्यात थालीपीठ, उकडलेले बटाटे किंवा दशम्या. आगगाडीत आपला डबा खाण्यास अडकाठी नसते. उपाहारगृहाच्या टेबलावर बसून तो उघडणे मात्र शिष्टसंमत नाही. रात्री एका भांड्यात होणारे पदार्थ करावेत: मुगाची किंवा मसुराची खिचडी, मटारभात, पिठले-भात, टोमॅटोचे सार, वरणफळे. वरणफळांसाठी कणीक मळण्याचाही कंटाळा आला, तर आमटीत तिथला पास्ता सोडावा. मुले तो आनंदाने खातात. पोळ्यांचा आग्रह एक-दोन दिवसांपुरता ठेवावा. भाजी चिरणे, ताटे मांडणे, डिशवॉशर लावणे आणि कचरा टाकणे ही कामे पुरुष व मुले यांनी वाटून घ्यावीत. आठवड्यातून दोन जेवणे बाहेर करण्याची तरतूदही खर्चात असावी. तिथले अन्न चाखले नाही, तर प्रवास अपुराच राहतो.

घर सोडताना

स्वित्झर्लंडमध्ये कचरा टाकण्याचेही नियम आहेत. अनेक ठिकाणी कर भरलेल्या ठरावीक पिशवीतूनच कचरा द्यावा लागतो. साध्या पिशवीतून टाकल्यास दंड होऊ शकतो. काचेच्या बाटल्या वेगळ्या कुंडीत टाकतात, मात्र रविवारी व रात्री नाही, कारण आवाज होतो. प्लास्टिकच्या पेय-बाटल्या दुकानातच परत घेतल्या जातात. उरलेले तेल मोरीत न ओतता बाटलीत भरावे. रात्री दहानंतर शांतता पाळण्याची पद्धत असल्याने मिक्सर, कुकर आणि मोठ्याने चालणाऱ्या गप्पा त्याआधी आवराव्यात.

आदल्या रात्री शेगडी, चिमणी व ओव्हन पुसून ठेवावेत आणि खिडक्या उघडून वास जाऊ द्यावा. घरात शिरल्यावर आणि निघताना ओट्याची छायाचित्रे काढून ठेवल्यास अनामत रकमेवरून वाद होत नाहीत. उरलेले सीलबंद सामान फेकण्याऐवजी मालकाच्या संमतीने पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवावे.

प्रारंभी वर्णिलेल्या घरात आता पुन्हा डोकावून पाहावे. बॅगेत अर्धा ओट्यावर मावेल एवढे मसाले आहेत, कुकरच्या बुडाला चुंबक चिकटतो आणि विमानतळावर घेतलेल्या पिशवीत तांदूळ, मसूर व दही आहे. मुलगा कांदा चिरतो आहे, नातवंडे ताटे मांडत आहेत. सात वाजता खिचडीवर ब्राटबुटरची धार पडते आणि आजोबा वेळेवर जेवायला बसतात. त्या टेबलावर आजी आणि सूनही त्यांच्यासोबतच बसलेल्या असतात.